ओपीएफ मॉडेलमध्ये आपले बंधन आत लिहावे, की उत्तर आल्यावर बाहेर तपासावे?

कारेलीबाग (मूळ मुद्दा)

बडोद्यात पारेषण नियोजनाचे अभ्यास करताना एक पद्धत मला वारंवार दिसते. ती चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे, म्हणून हा विषय काढतो. ऑप्टिमल पॉवर फ्लो, म्हणजे ओपीएफ, हे गणित फ्रान्समध्ये कार्पेंटिये यांनी १९६२ साली मांडले. प्रत्येक बसवर (वाहिन्या जिथे जुळतात त्या जोडबिंदूवर) विजेचा ताळमेळ बसला पाहिजे, व्होल्टेज आणि वाहिन्यांचा भार मर्यादेत राहिला पाहिजे आणि एवढे सांभाळून निर्मितीचा खर्च कमीत कमी आला पाहिजे, असे त्याचे स्वरूप आहे. मॅटपॉवर, पांडापॉवर यांसारखी सॉफ्टवेअर हे मॉडेल तयार देतात.

अडचण अशी की तयार मॉडेल प्रत्येक वाहिनीला सुटी मर्यादा लावते. कच्छ-सौराष्ट्राकडून वीज आणणाऱ्या तीन वाहिन्यांवर मिळून, समजा, ६०० मेगावॉटपेक्षा जास्त प्रवाह नको असेल, तर ती गोष्ट त्याला आपोआप कळत नाही. मग ओपीएफ चालवायचे, तिन्ही वाहिन्यांची बेरीज करायची, ती जास्त भरली तर एखाद्या पवन केंद्राची कमाल क्षमता हाताने खाली आणायची आणि पुन्हा चालवायचे, असा क्रम सुरू होतो. कोणत्या केंद्राने किती कमी व्हावे हाच तर ओपीएफला विचारायचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर आपण अंदाजाने आधीच देऊन टाकतो. शिवाय त्या मार्गाची क्षमता १ मेगावॉटने वाढली तर खर्च किती वाचेल, हे बंधनाच्या छायाकिंमतीवरून कळते. नवी वाहिनी टाकावी की नाही या चर्चेत तोच आकडा उपयोगी असतो, आणि हाताने मर्यादा खाली आणली की तो आकडा हातून जातो.

सुट्या वाहिनीची औष्णिक मर्यादा (तार जास्त तापू नये म्हणून घातलेली) पुरेशी नसते याचे उदाहरण ३० जुलै २०१२ च्या पहाटेचे आहे. ग्वाल्हेरला जाणारी ४०० केव्ही बीना-ग्वाल्हेर वाहिनी त्या पहाटे आपोआप बंद पडली ती काही तुटली म्हणून नव्हे. जड भारामुळे तिच्या अंतर-संरक्षण रिलेला (वाहिनीवर दोष जाणवला की ती बंद करणाऱ्या यंत्रणेला) दोष झाल्यासारखा भास झाला, आणि पुढे उत्तर भारत अंधारात गेला.

रावपुरा

मी नियंत्रण कक्षात बावीस वर्षे काम केले आहे. आपला हेतू मला मान्य आहे, उपाय मान्य नाही. पहिला प्रश्न असा की ६०० हा आकडा आला कुठून? अशी मर्यादा बहुधा स्थैर्याच्या वेगळ्या अभ्यासातून निघते आणि त्या दिवशी कोणती वाहिनी दुरुस्तीसाठी बंद आहे, कोणते औष्णिक संच चालू आहेत, यावर ती बदलते. बाहेर तपासणारा माणूस दर वेळी विचारतो की आज किती धरायचे. मॉडेलमध्ये एकदा लिहिली की कोणी विचारत नाही, आणि पाच वर्षांनी ती कशासाठी घातली होती हेही कोणाच्या लक्षात राहत नाही. २०१२ च्या त्या रात्री त्याच पट्ट्यातल्या वाहिन्या कामासाठी बंद होत्या. बंधन आत लिहिलेले असते, तरी त्यातला आकडा जुन्या जोडणीचाच असता.

दुसरी गोष्ट खर्चाची आहे. पवन केंद्राचा इंधनखर्च आपण शून्य धरतो. एकाच मार्गामागे सारख्याच परिणामाची दोन पवन केंद्रे असतील, तर कोणाची वीज कापली तरी खर्च तोच राहतो. अशा वेळी सॉल्व्हरची, म्हणजे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामची, सिम्प्लेक्स पद्धत एकाला पूर्ण कापून टोकावर थांबेल आणि इंटिरिअर पॉइंट पद्धत दोघांत वाटून देईल. म्हणजे कोणाला कापायचे हे आपल्या बंधनाने ठरतच नाही, ते सॉल्व्हरच्या स्वभावावर ठरते, आणि केंद्राच्या मालकाला मात्र आपण ‘इष्टतम उत्तर’ म्हणून कागद दाखवतो. त्यापेक्षा हाताने कापणारा अभियंता निदान आपले कारण लेखी देतो.

कारेलीबाग

दुसरा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. मात्र त्यावरचा उपायही मॉडेलच्या आतच आहे. दोन्ही केंद्रांनी उपलब्धतेच्या समान टक्केवारीने कमी व्हावे असा नियम हवा असेल, तर ते एक रेषीय समीकरण आहे आणि ते लिहून दिले की मालकाला नियमावर बोट ठेवता येते. पहिल्या मुद्द्याबाबत मात्र मतभेद कायम आहे. मर्यादा बदलती आहे म्हणून ती बाहेर ठेवायची, हे मला पटत नाही. ती फाइलमध्ये तारीख आणि जोडणीच्या स्थितीसह ठेवा, सूत्रात गाडू नका.

मकरपुरा

दोघांच्याही लक्षात यावी म्हणून एक प्रत्यक्ष घडलेली चूक सांगतो. एका सल्लागार संस्थेसाठी काम करताना मी मॅटपॉवरमध्ये असेच तीन वाहिन्यांचे बंधन स्वतः जोडले होते. उत्तर नेहमीप्रमाणे आले, खर्चही जवळपास तोच राहिला, आणि आठवडाभर सगळे समाधानी होते. नंतर कळले की उजव्या बाजूला मी ६०० लिहिले होते आणि मॉडेलच्या आतली सगळी गणना १०० एमव्हीए पायावरच्या पर-युनिटमध्ये (प्रत्येक आकडा १०० ने भागून) चालते, त्यामुळे तिथे ६ हवे होते. बंधन शंभरपट सैल होते आणि कधीच लागू झाले नाही. ते दुरुस्त केल्यावर दुसरी चूक सापडली. सॉफ्टवेअर सोडवण्याआधी बंद वाहिन्या यादीतून काढून अंतर्गत क्रमांक लावते. माझ्या यादीतली ४१वी वाहिनी आत ४०वी झाली होती आणि माझे बंधन भलत्याच वाहिनीवर बसले होते. क्रमांकांचे हे रूपांतर सांभाळण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये वेगळा टप्पा दिलेला आहे. मी तो वगळला होता, दोष माझाच होता.

तेव्हापासून बंधन घातले की मी दोन गोष्टी करतो. मर्यादा मुद्दाम अशक्य इतकी लहान देऊन ‘उत्तर नाही’ असे येते का ते पाहतो. मग खरी मर्यादा देऊन ती १ मेगावॉटने वाढवतो आणि खर्चातली घट छायाकिंमतीशी जुळते का ते ताडतो. ती जुळली नाही, तर पुढचा एकही आकडा अहवालात जात नाही.

रावपुरा

हेच मला म्हणायचे होते. आपण चूक शोधू शकलात कारण बंधन आपण स्वतः लिहिले होते. आपल्या जागी आलेल्या नव्या माणसाला खर्च ‘जवळपास तोच’ आल्यावर संशय घेण्याचे काहीच कारण नव्हते. आणि मॅटपॉवरची तयार इंटरफेस सोय (वाहिन्यांच्या गटावर एकत्रित मर्यादा लावण्याची) वापरा असे कोणी सुचवेल, तर तिचे प्रवाह डीसी मॉडेलवर, म्हणजे सोप्या केलेल्या रेषीय रूपावर, मोजले जातात, पूर्ण समीकरणांचे एसी ओपीएफ चालवत असतानाही. त्या प्रवाहांत वाहिन्यांतला ऱ्हास धरलेला नसतो, म्हणून मर्यादेच्या अगदी जवळ काम करताना प्रत्यक्ष आकडा पुन्हा बाहेर तपासावाच लागतो.

कलाभवन

मी येथे एम.ई.चा विद्यार्थी आहे, आपल्या सर्वांपेक्षा लहान आहे, तरी एक शंका विचारतो. रात्री भार उतरला की लांब वाहिन्यांमुळे ४०० केव्ही बसचे व्होल्टेज ४२० च्या वर जाऊ लागते आणि ते खाली आणण्यासाठी वाहिनीच बंद करण्याची प्रथा आहे. हे बंधन ओपीएफमध्ये कसे घालावे?

कारेलीबाग

ते नेहमीच्या एसी ओपीएफमध्ये बसत नाही. वाहिनी चालू की बंद हा ० किंवा १ असा निर्णय आहे आणि तिथला सॉल्व्हर फक्त सलग चलांवर काम करतो. ०.६ वाहिनी बंद करता येत नाही, आणि उत्तर जवळच्या पूर्णांकावर नेले तर व्होल्टेज कुठे जाईल याची हमी नसते. पायोमो किंवा ज्युलिया या प्रोग्रामिंग भाषेतल्या पॉवरमॉडेल्स अशा सॉफ्टवेअरमध्ये पूर्णांक चल लिहिता येतात. पण ते गणित सोपे करायला डीसी मॉडेल घेतले, तर त्यात व्होल्टेजचे परिमाणच नसते, म्हणजे तुमचा प्रश्नच गळून पडतो. या एका ठिकाणी रावपुऱ्यांची बाजू मला खरी वाटते: पाच-सहा पर्याय हाताने ठरवावेत, प्रत्येकासाठी एसी ओपीएफ चालवावे आणि तुलना बाहेर करावी.

रावपुरा

एवढे मान्य असेल, तर पहिल्या प्रश्नावरही माझी एक अट ऐका. बंधन आत असू द्या, पण त्याच्या फाइलमध्ये मर्यादा कोणत्या अभ्यासातून आली, कोणत्या वाहिन्या चालू धरल्या आणि ती कधी तपासली, ही तीन उत्तरे नसतील तर प्रोग्रामने चालायलाच नकार द्यावा.

मकरपुरा

तसा तपास जोडणे सोपे आहे. येत्या आठवड्यात माझ्या फाइलींना जोडतो आणि ६ ऐवजी ६०० ची ती चूक परत घालून पाहतो. तीन उत्तरे बरोबर लिहूनही ती चूक सुटून जाईल अशी मला शंका आहे.