आईच्या नखांचे पापुद्रे निघतायत, काय करावं?

पिठलंभाकरी: आई ७१ वर्षांची आहे. वर्षभरात हाताच्या नखांवर उभ्या रेघा आल्यात, टोकाला पापुद्रे सुटतात, लसूण सोलायला घेतला की नख तुटतं आणि मग तेच साडीत अडकून धागे निघतात. शेजारच्या काकू म्हणतात कॅल्शियम कमी झालंय. गोळ्या चालू करू का?

निवांत_आजोबा: नको हो. नख केराटिन नावाच्या प्रथिनाचं असतं, कॅल्शियमचा त्यात फारसा वाटा नाही. उभ्या रेघा म्हणजे नखाच्या सुरकुत्याच समजा, मलाही आहेत. वाढही मंदावते, तरुणपणी महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं, या वयात त्याहून कमी.

कोकणकन्या: पापुद्र्यांचं कारण बहुतेक वेळा पाणी! दिवसातून दहा वेळा हात भिजतात, सुकतात, परत भिजतात, त्यात भांड्यांचा साबण, नख फुगतं आणि आकसतं, मग थर सुटतात. माझ्या सासूबाईंना रात्री झोपताना नखांना आणि मुळाशी खोबरेल चोळायला लावलं, व्हॅसलीनही चालतं. नखं आंघोळीनंतर मऊ असताना कापायची, कानस एकाच दिशेने. मुळाजवळची कातडी अजिबात कापू नका, नखुरडं होतं. आणि धीर धरा, नख मुळापासून नवीन यायला सहा महिने तरी लागतात.

पिठलंभाकरी: केमिस्टने बायोटिन नावाचं व्हिटॅमिन दिलंय, तेही बंद करू?

निवांत_आजोबा: डॉक्टरांना विचारा. पण थायरॉइडची टेस्ट असेल तर लॅबला आधी सांगा, बायोटिनने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. माझ्या मित्राचा आला होता, उगाच घाबरला बिचारा.

कोकणकन्या: आणि हो, नख चमच्यासारखं खोलगट झालं असेल तर हिमोग्लोबिन, लोह तपासा. एकाच नखावर नवीन काळी-तपकिरी रेघ येऊन रुंद होत असेल तर तेल लावत बसू नका, स्किनवाल्यांना दाखवा. आपल्या वर्णाच्या लोकांना बऱ्याच नखांवर अशा बारीक रेघा असू शकतात, ते वेगळं. नख पिवळं, जाड होऊन उचललं जात असेल तर फंगस असू शकतं, तेही दाखवाच.

पिठलंभाकरी: तसलं काही नाही, नुसते पापुद्रे. रबरी हातमोजे आणलेत, आत सुती घालायला पण आणलेत. आई म्हणते मोजे घालून भांड्याचा ओशटपणा गेला की नाही ते हाताला कळत नाही.

कोकणकन्या: मग भांडी तुम्ही घासा 😄