परदेशात फोन उचलला नाही तरी बिल? आणि तिकडचं व्हॉइसमेल कसं लावायचं?

नौपाड्याची_ताई
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे एडिसनला चाललोय, न्यू जर्सी, बाळंतपण आहे म्हणजे पाच महिने तरी धरून चाला. मागच्या वेळी गेलो तेव्हा ह्यांचा पोस्टपेड नंबर रोमिंगवर चालू ठेवला होता, ओटीपी यायला लागतात म्हणून. कॉल आला तरी घ्यायचा नाही असं ठरवलं आणि खरंच एकही घेतला नाही, तरी बिल आलं ते बघून ह्यांचं बीपी वाढलं. न घेतलेल्या प्रत्येक कॉलचे दोन-दोनदा पैसे! कस्टमर केअरवाले म्हणे बिल बरोबर आहे, पण का ते कोणी सांगेना.
दुसरं म्हणजे लेकीने तिकडचं सिम घेऊन ठेवलंय आणि म्हणते आई आल्या आल्या व्हॉइसमेल (आपण फोन नाही घेतला की समोरच्याचा निरोप रेकॉर्ड होतो ते) सेट कर. आपल्याला कुठे सवय आहे हो, मिस्ड कॉल दिसला की आपण उलट लावतो. ते नाही केलं तर काय बिघडतं?

घोडबंदरचा_टॉवर
ताई आधी एक सांगा, त्यांच्या नंबरवर कॉल फॉरवर्डिंग लावलेलं होतं का?

नौपाड्याची_ताई
हो, आता आठवलं! जांभळी नाक्याला आमचं दुकान आहे, ह्यांनी नाही उचलला की तिथल्या लँडलाइनवर वाजतो, पोरगा घेतो. इतकी वर्षं तसंच आहे, लक्षातच नव्हतं.

घोडबंदरचा_टॉवर
सापडला चोर 😀 मी नेटवर्कच्याच लाइनीत होतो म्हणून जरा लांबण लावतो. इथून कोणी काकांना फोन लावला की आपल्या नेटवर्कला माहीत असतं की फोन सध्या अमेरिकेत आहे, मग कॉल तिकडे जातो. लावणाऱ्याला तो भारतातलाच कॉल, पुढचं अमेरिकेपर्यंतचं भाडं काकांच्या माथी. तिथे वाजला, घेतला नाही, की तो तिथून फिरून जांभळी नाक्याला येतो, म्हणजे अमेरिकेतून भारतात आयएसडी, तेही काकांच्याच माथी. पार्सल एडिसनला गेलं, दार उघडलं नाही म्हणून परत ठाण्यात आलं, दोन्ही वेळचा ट्रक तुमचा. आमच्यात ह्याला ट्रॉम्बोनिंग म्हणायचे, त्या वाद्याची नळी कशी पुढे जाते आणि मागे येते, तसं. लँडलाइनच्या जागी इथलं व्हॉइसमेल असतं तरी हेच झालं असतं.
उपाय सोपा. जायच्या आधी 'सगळे कॉल फॉरवर्ड' लावा. मग नेटवर्क कॉल इथल्या इथेच वळवतं, तिकडे पाठवतच नाही, त्यामुळे रोमिंगचा संबंध उरत नाही. एसएमएसला फॉरवर्डिंग लागत नाही, ओटीपी फोनवरच येणार. फक्त जो ओटीपी कॉल करून सांगतात तो दुकानात वाजेल, पोराला सांगून ठेवा. फॉरवर्ड झालेल्या कॉलला वेगळे पैसे लागतात का ते प्लॅनमध्ये बघा. नाहीतर फॉरवर्डिंग सगळंच काढा, पण मग चुकून उचलला तर रोमिंगचं भाडं आहेच.

कोपरी_ते_कळवा
फोन बंदच ठेवला तर?

घोडबंदरचा_टॉवर
नीट स्विच ऑफ केला तर नेटवर्कला कळतं आणि कॉल इथूनच वळतो. बॅटरी संपून मेला तर मात्र तिकडच्या नेटवर्कला काही वेळ वाटतं की आहे अजून, तेव्हा परत तीच फेरी.

सीवूड्सची_मावशी
ताई, व्हॉइसमेल नक्की लावा, मी दोन वेळा राहून आलेय तिकडे. दवाखान्याची अपॉइंटमेंट बदलली वगैरे हे लोक व्हॉइसमेलवर सांगून मोकळे होतात, आणि सेट नसेल तर मेलबॉक्स तयार नाही एवढंच ऐकू जातं आणि ते ठेवून देतात. डायलरवर १ दाबून धरायचा, पहिल्यांदा पिन ठरवायला सांगतात, मग फोन करणाऱ्याला ऐकू जाणारा निरोप आपल्या आवाजात रेकॉर्ड करायचा, झालं. आयफोनला फोन अ‍ॅपमध्येच व्हॉइसमेलचं बटण आहे. दुसऱ्या फोनवरून ऐकायचं असेल तर आपल्याच नंबरला फोन लावायचा आणि निरोप सुरू झाला की स्टार दाबून पिन टाकायचा (काही कंपन्यांत हॅश असतं).
माझा गुडघा असा, स्वयंपाकघरातून फोनपर्यंत पोचेस्तोवर तो व्हॉइसमेलला गेलेला असायचा. मग मुलाने *#६१# लावून व्हॉइसमेलचा नंबर बघितला आणि **६१*तो नंबर**३०# करून तीस सेकंद करून दिले. ५ पासून ३० पर्यंत पाच-पाचने वाढवता येतं, सगळ्या कंपन्यांत चालत नाही म्हणे, आमच्याकडे चाललं.

पाचपाखाडीचा_पक्या
आमच्या आईने माझ्या तिकडच्या व्हॉइसमेलवर ठेवलेला पहिला निरोप अजून जपून ठेवलाय. 'हॅलो... हॅलो... अरे बोल ना...' मग दहा सेकंद शांतता, मग बाबांना 'अहो, हा घेतो पण बोलत नाही.' इथून दुपारी दोनला लावलेला, उन्हाळ्यात तिथे पहाटेचे साडेचार. मी झोपलेलो हो!

वाशीचा_शंकासुर
पिन १२३४ किंवा जन्मसाल ठेवू नका कोणी. रात्री आपण झोपलेले असताना चोर आपल्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅपचा ओटीपी कॉलने मागवतो, कॉल कोणी घेत नाही, ओटीपी व्हॉइसमेलमध्ये जाऊन पडतो, सोपा पिन टाकून ऐकला की व्हॉट्सअ‍ॅप त्याचं. २०१८ मध्ये इस्रायलच्या सरकारी सायबर खात्याने ह्याबद्दल इशारा दिला होता. लंडनचं न्यूज ऑफ द वर्ल्ड हे वर्तमानपत्र २०११ मध्ये बंद झालं तेही लोकांची व्हॉइसमेल चोरून ऐकल्याच्या भानगडीत, आणि तिथेही कितीतरी पिन कंपनीने दिलेलेच राहिलेले होते.
इथलंही सांगतो, कोणी फोन करून *४०१* आणि पुढे अमुक नंबर लावा म्हणालं तर फोन ठेवायचा. त्याने तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात. ह्याच फसवणुकीमुळे १५ एप्रिल २०२४ पासून सरकारने कोड लावून होणारं फॉरवर्डिंग थांबवायला लावलं. म्हणून ताई, काकांचं फॉरवर्डिंग फोनच्या सेटिंगमधून होतंय का ते इथे असतानाच करून बघा, नाही झालं तर स्टोअरमध्ये जा. विमानतळावर बसून करू म्हणाल तर राहील ते.

नौपाड्याची_ताई
सगळ्यांचे खूप आभार. काल सेटिंगमधून लागलं एकदाचं, चार ऑप्शन होते त्यातलं पहिलं, सगळे कॉल वालं. लगेच माझ्या फोनवरून ह्यांना लावून बघितला तर ह्यांच्या हातातला फोन गप्प आणि दुकानात वाजला. आता दुकानातला पोरगा विचारतोय, काकांचे पाच महिने सगळे कॉल मीच घ्यायचे तर पगाराचं काय.