डॅलसच्या सोफ्यावरून निघालेला विषय

दादा (डॅलस): सोफा घेतला एकदाचा. डॅलसजवळच्या द कॉलनी गावात नेब्रास्का फर्निचर मार्ट आहे तिथून. दुकान कसलं, गाव आहे गाव, आईचे पाय दुखायला लागले फिरून

आत्या: नेब्रास्काचं दुकान टेक्सासमध्ये कसं रे

दादा: मूळचं नेब्रास्कातल्या ओमाहाचं आहे, १९३७ सालचं. कॅन्सस सिटीला २००३ मध्ये गेले, इकडे २०१५ ला. पण ते काढलं कुणी ते ऐक, वहिनी सांगतेय, तिने सगळं वाचलंय

वहिनी: आत्या, रोझ ब्लमकिन नावाची बाई, सगळे मिसेस बी म्हणायचे. मिन्स्कजवळच्या खेड्यातली, शाळेचं तोंड पाहिलं नाही, सहाव्या वर्षापासून आईच्या किराणा दुकानात. १९१७ ला सायबेरियातून ट्रेनने निघाली, सरहद्दीवरच्या शिपायाला सांगितलं की सैन्यासाठी चामडं आणायला चाललेय, येताना तुला बाटली आणते, आणि चीन जपान करत अमेरिकेला पोचली. इंग्रजी शेवटपर्यंत लिहिता वाचता आलं नाही. चार मुलं झाल्यावर, चाळिशी उलटून गेल्यावर भावाकडून ५०० डॉलर उसने घेऊन तळघरात दुकान काढलं. एकदा माल देणाऱ्यांचे पैसे थकले तर स्वतःच्या घरातले पलंग, फ्रीज सुद्धा विकून टाकले पण देणं फेडलं

आत्या: मुलं कुठे झोपली मग 😢

आप्पाकाका: नफा किती धरायची ती?

वहिनी: १० टक्के काका. खरेदीवर १० टक्के, बास

आप्पाकाका: फर्निचरमध्ये १० टक्क्यांत कसं भागेल, मी २८ वर्षं दुकान चालवलं, तीस पस्तीस धरल्याशिवाय भाडं हमाली टेम्पो पॉलिशवाला काही निघायचं नाही आणि वर माल सहा सहा महिने पडून

वहिनी: माल पडूच द्यायची नाही ती. बाकीच्या दुकानदारांनी कंपन्यांना सांगून तिचा माल बंद केला तर दुसऱ्या शहरातल्या दुकानांतून उचलून आणायची आणि तरी ओमाहात सगळ्यात स्वस्त. मोहॉक कार्पेटने केस टाकली की ठरलेल्या किमतीखाली विकते, ती जज्जला म्हणाली मी १० टक्के घेते, गिऱ्हाइकाला लुटत नाही, यात चुकलं काय. जज्जने केस फेटाळली आणि दुसऱ्या दिवशी जज्जसाहेबच १४०० डॉलरचं कार्पेट घेऊन गेले

आप्पाकाका: वा. मग जमतं. माल फिरता राहिला तर जमतं

वहिनी: १९५० ला तंगी आली तेव्हा एका बँकवाल्याने ९० दिवसांसाठी ५०,००० डॉलर दिले. तिने गावातलं ऑडिटोरियम भाड्याने घेतलं, तीन दिवसांत अडीच लाखांची विक्री, आणि त्यानंतर कर्ज कधी काढलं नाही

दादा: १९८३ ला वॉरन बफेने, त्या मोठ्या गुंतवणूकदाराने, घेतलं ना. ऑडिट नाही, मालाची मोजदाद नाही, शब्दावर. तो म्हणे मला मोठमोठ्या ऑडिटरांपेक्षा तिच्या शब्दाची जास्त खात्री आहे

आत्या: बाई मग घरी बसली असेल

वहिनी: छे हो. ९५ व्या वर्षी कार्पेट खात्यावरून नातवांशी भांडण झालं, ते तिच्या हातातून काढून घेतलं होतं. तिने समोरच स्वतःचं नवीन दुकान टाकलं आणि चालवून दाखवलं. शेवटी १९९२ ला बफेने तेही विकत घेतलं आणि यावेळी परत स्पर्धा करणार नाही असं तिच्याकडून लिहून घेतलं, शंभरी जवळ आली होती तेव्हा!

आत्या: घरच्यांशी बोलायला लागली का परत? मला तेच लागून राहिलंय

वहिनी: हो आत्या, समेट झाला, परत दुकानात यायची. पाय थकले म्हणून बॅटरीच्या गाडीवर बसून कार्पेट विकायची. १९९८ ला गेली, १०४ वर्षांची होऊन

आप्पाकाका: कार्पेट खातं काढून घ्यायला नको होतं नातवांनी. मला दुकान मुलाकडे देताना लाकूड खरेदी मात्र सोडवेना, दोन वर्षं मीच जात होतो वखारीत, त्यामुळे कळतं मला. दादा, परत गेलास की त्या कार्पेटच्या भागाचा फोटो टाक