पहिल्या सरीवर पेरणी

वर एकांनी लिहिलंय की मृगाचा पहिला पाऊस पडला की पेरून मोकळं व्हावं, मागे राहिलं की हंगाम जातो. मला हे अजिबात पटत नाही, कारण ही घाई आमच्या घरानं भोगली आहे.

त्या वर्षी एका रात्रीत चांगला सडाका झाला. सकाळी शेजाऱ्यांची तिफण (पेरणीचं अवजार) चालू दिसली आणि वडिलांना राहवेना. आजी म्हणत होती, "अरे, आधी ओल बघ." कोणी ऐकलं नाही. चार एकर सोयाबीन दोन दिवसांत पेरलं. मग अठरा दिवस पावसाचा पत्ता नाही. मी पेरलेल्या ओळीतली माती उकरून बघितली: दाणे फुगलेले, साल सुटलेली, बोटात धरले की पिठासारखे चिरडत होते. खाली चार बोटांवर माती कोरडी ठणठणीत. दुबार पेरणीला बियाणं उधारीवर आणलं.

कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मूग-उडदाला उशीर सोसत नाही, हे खरं. पण सोयाबीन जुलैच्या मध्यापर्यंत पेरता येतं, मग एवढा जीव का टाकायचा? त्या थांबलेल्या दिवसांत घरचं बियाणं तपासा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तर उगवले तर ठीक. आणि शेजाऱ्याची तिफण बघून तर मुळीच निघू नका. त्याच्या रानात कदाचित विहिरीचं पाणी असेल, तुमच्या नसेल.