मदत हवी आहे: सरळ रेषेत जाताना रोबोटचं मनगट गरकन फिरतं

नमस्कार मंडळी. सहा सांध्यांचा रोबोटिक आर्म रॉस २ (रोबोट चालवायची सॉफ्टवेअर चौकट) आणि मूव्हइट २ (त्यावर हालचाली आखणारं सॉफ्टवेअर) वर चालवतोय. पत्र्याच्या कडेने नोझलमधून सीलंटची (फट बुजवणाऱ्या लेपाची) सरळ रेघ ओढताना पाचवा सांधा शून्य अंशाजवळ येतो, चौथ्या आणि सहाव्या सांध्याचे अक्ष एका रेषेत येतात आणि मनगट गरकन फिरतं. नेमका तिथेच सीलंटचा गोळा होतो.

डॅम्प्ड लीस्ट स्क्वेअर्स (थोडी चूक चालवून घेऊन सांध्यांचा वेग मर्यादेत ठेवणारी गणिती पद्धत) वापरलं तर सांध्यांचा वेग आवरतो, पण रेघ थोडी सरकते, आणि मला रेघच महत्त्वाची आहे. त्यापेक्षा नोझल फ्लँजला (मनगटाच्या टोकाच्या चकतीला) तिरकं बसवून नोझलचं स्वतःभोवतीचं फिरणं मोकळं सोडावं, म्हणजे पाचवा सांधा शून्यापासून लांब ठेवता येईल, असं वाटतं. गोल नोझलला त्याने काय फरक पडतो?

ट्रॅक-आयकेमध्ये (नोझलच्या जागेवरून सांध्यांचे कोन काढणाऱ्या लायब्ररीत) अशी मोकळीक देता येते. पण मग लागोपाठच्या बिंदूंमध्ये सांध्यांच्या कोनांत उडी येऊ नये म्हणून तुम्ही काय करता? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.