भूमध्य समुद्रातील क्रूझ आणि बंदरांवरचे ते सात-आठ तास : आपले अनुभव सांगावेत

भरतीओहोटी (ठाणे)

गेल्या रविवारी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला गेलो होतो. बोट धक्क्याला लागताना खलाशाने जाड दोराचा फास लोखंडी खुंटावर टाकला, दोर ताण घेत करकरला, डिझेलचा भपकारा आला आणि शेजारी उभे असलेले आमचे हे एकदम म्हणाले, "नेपल्स!" घरी आल्यावर जुनी छायाचित्रे काढून बसलो, त्यात स्वयंपाक राहिला, आणि शेवटी हा धागा काढायचे ठरवले.

सप्टेंबर २०१९मध्ये आम्ही बार्सिलोना ते बार्सिलोना अशी सात रात्रींची क्रूझ केली होती. वाटेत मार्सेलिस, जिनोआ, नेपल्स, मेसिना आणि माल्टाची राजधानी व्हॅलेटा ही बंदरे होती आणि एक पूर्ण दिवस समुद्रावर होता. जाहिरातीत चार देशांचे आमिष होते आणि ते खोटेही नव्हते. मात्र प्रत्येक बंदरात हाती जेमतेम सात-आठ तास येतात, त्यातला एक उतरण्याच्या रांगेत आणि एक परतण्याच्या धास्तीत जातो, हे आम्हाला तिथे गेल्यावरच कळले.

नेपल्सला जहाज दुपारी एकला लागले. तिथे धक्का शहराच्या अगदी उंबरठ्यावर आहे, समोरच जुना किल्ला दिसतो. आम्हाला ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले प्राचीन रोमन शहर पाँपेई पाहायचे होते, म्हणून टॅक्सीने स्थानकावर गेलो आणि ज्या गाडीवर 'पोंपेई' लिहिलेले दिसले तिच्यात बसलो. पाँपेईला एकाहून अधिक स्थानके आहेत, अवशेषांच्या मुख्य दारासमोरचे 'पोंपेई स्काव्ही' हे सोर्रेंतोच्या मार्गावर आहे आणि आम्ही दुसऱ्याच मार्गावरच्या 'पोंपेई सांतुआरिओ'ला उतरलो आहोत, हा शोध आम्हाला तिथल्या चर्चसमोर उभे राहिल्यावर लागला. विचारत विचारत गेलो ते थेट रंगमंडलाच्या (अँफिथिएटरच्या) बाजूच्या दाराशी पोहोचलो. म्हणजे सगळे लोक जिथे थकून शेवटी येतात, तिथून आमची सुरुवात झाली. ते दगडी रंगमंडल इसवी सनापूर्वी सुमारे ७० वर्षांचे, त्या प्रकारच्या टिकून राहिलेल्या वास्तूंमधले सर्वांत जुने, आणि त्या वेळी तिथे आम्ही दोघे आणि एक मांजर होते. पुढे रस्त्यांवर पादचाऱ्यांना ओलांडण्यासाठी ठेवलेले उंच दगड दिसले आणि त्यांच्या मधल्या फटींतून गेलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या दिसल्या. मी चाकोरीत हात घातला, तर तळवा पुरता आत गेला. 'चाकोरी' हा शब्द मी तीस वर्षे शाळेत शिकवला, पण इतकी खोल चाकोरी प्रथमच पाहिली. मुख्य चौक आणि तिथून दिसणारा व्हेसुव्हियस ज्वालामुखी मात्र वेळेअभावी राहिले ते राहिलेच.

मेसिनाचे उलट झाले. तिथे काही पाहायचे आहे, असे आम्हाला ठाऊकच नव्हते. धक्क्यापासून दहा मिनिटांवर कॅथेड्रल आहे आणि त्याच्या मनोऱ्यावर १९३३ साली बसवलेले यांत्रिक घड्याळ आहे. दुपारी बाराच्या ठोक्याला सोनेरी सिंह शेपूट हलवून डरकाळी फोडतो, मग कोंबडा पंख फडफडवून आरवतो आणि त्यानंतर एकेक पुतळा फिरत पुढे येतो. शहर १९०८च्या भूकंपात जमीनदोस्त झाले होते, हे लक्षात घेतले की त्या सोनेरी कोंबड्याचे हसू येत नाही. संपूर्ण सफरीत याला एक पैसाही पडला नाही आणि मला आजही सर्वांत आधी तेच आठवते.

आपापल्या बंदरांविषयी लिहावे. घडलेली फजिती अवश्य लिहावी.

घड्याळजी (औरंगाबाद, सध्या लीड्स)

आमची फजिती कातकोलोची आहे. ते ग्रीसमधले एका रस्त्याचे गाव आहे आणि जहाजे तिथे केवळ पस्तीस-चाळीस किलोमीटरवरच्या ऑलिंपियासाठी थांबतात. आदल्या रात्री इटली सोडताना केबिनमध्ये चिठ्ठी आली होती की घड्याळे एक तास पुढे करावीत. ती चिठ्ठी सौभाग्यवतींनी खूण म्हणून पुस्तकात ठेवली आणि रोमिंगचा खर्च नको म्हणून मी भ्रमणध्वनी विमान-अवस्थेत ठेवला होता, त्यामुळे तो प्रामाणिकपणे इटलीचीच वेळ दाखवत राहिला. ऑलिंपियाहून परतून आम्ही किनाऱ्यावर निवांत कॉफी घेत बसलो होतो. अजून पाऊण तास आहे, असे मी म्हणालो आणि जहाजाचा भोंगा झाला. त्यानंतर आमच्या दोघांचे जे धावणे झाले, त्यास वरच्या तीन डेकवरून टाळ्या पडल्या. ऑलिंपियाहून आल्या आल्या शर्यत लागली, असे मुलगा अजून सगळ्यांना सांगतो.

एक मात्र नमूद करतो. जहाजानेच आयोजित केलेल्या सहलीची बस उशिरा आली, तर जहाज थांबते. स्वतःच्या हिकमतीवर फिरणाऱ्यासाठी ते थांबत नाही.

पुरणपोळी_एक्सप्रेस

टाळ्या पडल्या म्हणजे पदकही मिळायला हवे होते. रात्रीच्या जेवणात लोकांनी ओळखले का?

घड्याळजी

ओळखले. वाढपी मुलाने तर पुढचे तीन दिवस पाणी देताना "सर, टाइम?" असे विचारले.

पडावातला (वेंगुर्ले)

ग्रीसच्या सॅंटोरिनी बेटाचे सांगतो. तिथे ज्वालामुखीचे तोंड समुद्राने भरलेले आहे आणि पाणी इतके खोल आहे की मोठ्या जहाजांना नेहमीसारखा नांगर टाकून उभे राहता येत नाही. त्यामुळे जहाज बाहेर थांबते आणि लहान बोटी प्रवाशांना जुन्या बंदराशी नेतात. सगळे त्यास 'टेंडर' म्हणत होते. मी आयुष्याची पहिली वीस वर्षे 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या बोटींनी मुंबईला ये-जा केली आहे. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव हेलकावत तिच्या कुशीशी यायचा. लाट वर आली की उडी मारायची आणि खाली गेली की थांबायचे, हे आईने शिकवले होते. सॅंटोरिनीला उतरताना जहाजाच्या खलाशाने माझा दंड धरला, तेव्हा मी लाट येण्याची वाट पाहत होतो आणि तो माझी वाट पाहत होता. अखेर दोघेही हसलो. बरोबरच्या तरुण मंडळींना त्या डुचमळण्याची फार मौज वाटली. मला मात्र ट्रंक, कोंबडी आणि आंब्याच्या करंड्या नसलेला पडाव रिकामा वाटला.

वर फिरा गावात जाण्यासाठी केबल कार आहे, गाढवे आहेत आणि जवळजवळ सहाशे पायऱ्या आहेत. केबल कारची रांग पाहून मी पायऱ्यांनी गेलो आणि गाढवांनी त्या पायऱ्यांवर जे काही ठेवले होते त्यामुळे दृश्याकडे पाहता आले नाही. परतताना रांगेत दीड तास उभा राहिलो. मिकोनोसचे बंदर तर उत्तरेकडून उन्हाळ्यात सुटणाऱ्या 'मेल्टेमी' वाऱ्यामुळे कप्तानाने रद्दच केले. लोकांनी फार आरडाओरडा केला, पण वेंगुर्ल्यात वाढलेला माणूस वाऱ्याशी भांडत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

सॅंटोरिनीला 'फावा' खाल्लात का? पिवळ्या डाळीचे घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचे तेल. मी पहिला घास घेतला आणि थांबलो, कारण चव ओळखीची होती. चौकशी केल्यावर कळले की ती डाळ आपल्याकडच्या लाखोळीच्याच कुळातली आहे. आमची आजी लाखोळीचे वरण करायची, तेव्हा घरातले लहान लोक नाक मुरडायचे. तीच चुलतबहीण तिथे समुद्राकडे तोंड करून चांगल्या बशीतून मिळते आणि आपण छायाचित्र काढून मग खातो.

पडावातला

नाही खाल्ला. त्या दीड तासाच्या रांगेत माझ्याकडे फक्त पिशवीतले चुरमुरे होते.

लाल_किटली (पुणे)

खाण्याचा विषय निघालाच आहे, तर लिहिते. सासूबाईंना पहाटे साडेपाचला चहा लागतो, म्हणून आम्ही विजेची किटली नेली होती. आगीच्या भीतीने बऱ्याच जहाजांवर किटली आणि इस्त्री चालत नाही, हे मला माहीत नव्हते. सामान तपासणीत किटली अडकली, तिला पावती मिळाली आणि सफर संपल्यावर ती सन्मानाने परत मिळाली. त्यानंतर सासूबाईंनी पहाटे वरच्या डेकवर जाऊन स्वतः चहा घेण्यास सुरुवात केली आणि त्यामुळे त्या एकट्याच आमच्यात अशा निघाल्या, ज्यांनी प्रत्येक बंदराला जहाज आत नेणारा वाटाड्या (पायलट) कसा चढतो ते पाहिले. लहान बोट धावत्या जहाजाला बिलगते, जहाजाच्या पोटातले दार उघडते आणि माणूस दोराच्या शिडीने आत येतो. चौथ्या दिवसापासून त्या त्याला हात करू लागल्या आणि पाचव्या दिवशी त्यानेही केला, असे त्यांचे म्हणणे आहे. तो रोज वेगळा माणूस असतो, हे आम्ही त्यांना सांगितलेले नाही.

शिक्का_हवा

कृपया व्हिसाचेही कोणीतरी लिहा. आमच्या मार्गात मॉन्टेनेग्रोचे कोटोर आहे.

घड्याळजी

कोटोर शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. इटलीहून तिथे जाऊन पुन्हा इटलीत येणे म्हणजे दुसरा प्रवेश धरला जातो, तेव्हा अर्जातच एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागावा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे दुब्रोव्हनिकपुरती ती काळजी आता उरलेली नाही.

रांबलाकाठी (बार्सिलोना)

मी या शहरात राहतो, त्यामुळे थोडे दुसऱ्या बाजूचे लिहितो. कोणी रागावू नये. ज्या दिवशी चार-पाच मोठी जहाजे लागतात, त्या दिवशी सकाळी कोलंबसच्या स्तंभापाशी बसगाड्या माणसे ओततात आणि तिथून बोकेरिया मंडईपर्यंत चालणेही मुश्कील होते. मी त्या दिवशी भाजी दुसरीकडे घेतो. हे लोक रात्रीचे जेवण जहाजावर घेतात, झोपायलाही जहाजावरच जातात आणि शहराच्या वाट्याला चुंबकाची शोभेची चकती आणि गर्दी येते. व्हेनिसने १ ऑगस्ट २०२१पासून मोठ्या जहाजांना जुदेक्का कालव्यातून जाण्यास बंदी केली, ती काही हौसेने केलेली नाही. याउपर यायचेच असेल, तर साग्रादा फामिलिया चर्चचे तिकीट वेळेसह आधीच काढावे आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवावे.

भरतीओहोटी

रागावण्यासारखे यात काहीच नाही. आम्ही चुंबकाच्या नऊ चकत्या आणल्या होत्या, त्यांतल्या चार अजून फ्रिजवर आहेत.

काळे_पाणी

मार्सेलिस कोणी सविस्तर लिहीत नाही याचे आश्चर्य वाटते. ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीच्या शौचकूपाच्या गवाक्षातून सावरकरांनी उडी घेतली ती याच बंदरात. आपण ती शाळेत इतक्या वेळा ऐकलेली असते की डोळ्यांसमोर अथांग समुद्र असतो. प्रत्यक्षात ते बंदरातले पाणी होते, ते पोहून ते फ्रेंच भूमीवर चढले आणि धावले, तरी फ्रेंच शिपायाने त्यांना धरून पुन्हा ब्रिटिश पहारेकऱ्यांच्या हवाली केले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. मी डेकवरून खाली पाहत उभा होतो. पाण्यावर तेलाचा सप्तरंगी तवंग आणि एक प्लास्टिकची बाटली तरंगत होती, आणि शेजारच्या गृहस्थाने मला काय दिसले म्हणून विचारले, तेव्हा मला नीट सांगता आले नाही. त्याच शहरात माझार्ग येथे पहिल्या महायुद्धातील भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. मी तिथे गेलो, म्हणून माझे टेकडीवरचे नोत्र-दाम द ला गार्द हे चर्च राहिले.

तेरावा_मजला

एक गंभीर गोष्ट सांगतो. सुरक्षेची कवायत चुकवू नका. मी पहिल्या सफरीत केबिनमध्ये लपून बसलो होतो आणि मला त्याचा अभिमान होता. १३ जानेवारी २०१२ला 'कोस्टा कॉंकॉर्डिया' जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली, त्यात ३२ जण गेले. त्याच संध्याकाळी रोमजवळच्या चिव्हितावेक्किया बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. मी जॅकेट घालून सर्वांत आधी उभा असतो आणि बायको लांब उभी राहते.

तारवटीण (सासष्टी, गोवा)

माझा घरवाला एकवीस वर्षे जहाजावर आहे, आधी केबिन पाहायचा, आता जेवणघरात आहे. तुम्ही लिहिलेली सगळी बंदरे आमच्या घरात बोलली जातात, पण वेगळ्या कारणांनी. चिव्हितावेक्किया म्हणजे आमच्याकडे रोम नव्हे. ते गाव म्हणजे फाटकाबाहेरचा फुकट वायफायवाला कॅफे, जिथे बसून त्याने आमच्या मुलीचे बारसे पाहिले. बंदराच्या दिवशीही सगळ्यांना उतरता येत नाही. काहीजणांना आळीपाळीने सुरक्षेसाठी जहाजावर राहावेच लागते. ज्यांची पाळी नसते त्यांना दोन तास मिळतात आणि त्यांत शॅम्पू, घरी पैसे पाठवणे आणि फोन एवढेच होते. ज्या दिवशी जुने प्रवासी उतरून नवे चढतात, त्या दिवशी तर जेवायला बसायचीही सोय नसते. तुमच्या पलंगावर टॉवेलचा हत्ती ठेवलेला असतो ना, तो बहुधा त्याच दिवशी केलेला असतो. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. आमचे घर त्यावरच उभे आहे.

लाल_किटली

आमच्या पलंगावर माकड होते आणि सासूबाईंनी ते घडी न मोडता घरी आणायचे म्हणून हट्ट धरला होता. तुमच्या यजमानांना आमचा नमस्कार सांगा.

तारवटीण

सांगितला. तो सध्या सुटीवर घरीच आहे आणि मी हा धागा त्याला मोठ्याने वाचून दाखवला. मेसिनाला तो चाळीस वेळा तरी गेला असेल, पण ते सोनेरी सिंहाचे घड्याळ त्याला माहीतच नव्हते, कारण बारा वाजता दुपारच्या जेवणाची वाढप सुरू होते. भरतीओहोटीताई, तुमच्याकडे त्याचे चलचित्र असेल, तर इथे चढवाल का? तो पुन्हा पुन्हा विचारतो आहे.

भरतीओहोटी

आहे. उद्या जुन्या संगणकातून काढून चढवते. डरकाळी स्पष्ट ऐकू येते, मात्र कोंबडा आरवण्याच्या वेळी पुढच्या जर्मन गृहस्थांनी टोपी घातली, त्यामुळे कोंबड्याचा फक्त तुरा दिसेल.