ओटीपी घेतो, खरं परत लॉगिनच्याच पानावर आणून सोडतो

वडगावची लेक (बेळगाव):

नमस्कार. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी माडीवर विंडोज १० चा जुना पीसी आहे, त्यावर गल्लीतल्या पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म भरून देते. पैसे घेत नाही. बहुतेकांचे आईबाप मागावर कामाला, फॉर्मसाठी खाडा केला की त्या दिवसाची मजुरी गेली.

परवापासून एका पोर्टलवर अडकलेय. मोबाईल नंबर टाकला, कॅपचा टाकला, ओटीपी आला. तो टाकला की क्षणभर पोराचं नाव दिसतं आणि लगेच परत लॉगिनचं पान. काल एका पोराचे सहा ओटीपी झाले. त्याची आई दारात उभी राहून मोबाईलवरचा एकेक आकडा वाचून दाखवत होती, मला तिच्याकडं बघवेना.

आणखी एक. वरच्या कोपऱ्यात भाषा बदलायची सोय आहे. मी इंग्लिश करते, ती परत कन्नड होते. कन्नड मला वाचता येतं, शाळेत होतं, खरं सावकाश. बाबांना बोलायला फाडफाड येतं, वाचायला अजिबात नाही, आणि मी कॉलेजला गेले की फॉर्म कुठवर आलाय ते तेच बघतात.

बाबांच्या मोबाईलवर तीच साइट व्यवस्थित चालते. पीसीवर क्रोम आहे. हिस्टरी आणि कुकीज काल पुसून झाल्या, फरक नाही. पाच पोरांचे फॉर्म राहिलेत.

निपाणीकर:

ताई, आधी पीसीची तारीख-वेळ बघा. माझ्या पीसीत मदरबोर्डवरचा गोल सेल संपला होता, सीआर २०३२ म्हणून मिळतो. करंट गेला की तारीख कित्येक वर्षं मागं जायची आणि कुठलीच साइट धड उघडायची नाही.

वडगावची लेक:

दादा, बघितलं. तारीख, वेळ दोन्ही बरोबर आहेत. बाकीच्या साइट चांगल्या चालतात.

खानापूरचा मेकॅनिक:

मग घड्याळ नव्हे. ते चुकलं असतं तर साइटच्या सर्टिफिकेटची (तिच्या ओळखपत्राची) तक्रार करून क्रोमनं लाल खुणेचं पान दाखवलं असतं, ओटीपीपर्यंत तुम्ही पोचलाच नसता.

तुम्ही भाषेचं लिहिलंत ते फार बरं केलंत. लॉगिन आणि भाषा, दोन्ही गोष्टी बहुतेक साइट कुकीतच ठेवतात, म्हणजे तुमच्याच क्रोममध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत. दोन गोष्टी सांगा. भाषा कधी पलटते, पुढच्या पानावर गेल्या गेल्या, का क्रोम बंद करून उघडल्यावर? आणि कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून इन्कॉग्निटो, म्हणजे जुन्या कुकी न वापरणारी खासगी विंडो उघडा, तिथं लॉगिन होतंय का बघा.

वडगावची लेक:

पुढच्या पानावर लगेच पलटते. आणि इन्कॉग्निटोत लॉगिन झालं! भाषाही इंग्लिशच राहिली. आता साध्या विंडोत काय बिघडलंय?

खानापूरचा मेकॅनिक:

बंद करून उघडल्यावर पलटली असती तर म्हटलं असतं, क्रोम बंद होताना कुकी पुसायची सेटिंग चालू आहे, नाहीतर एखादं सफाईचं सॉफ्टवेअर त्या उडवतंय. लगेच पलटते म्हणजे एकतर कुकी घेतलीच जात नाही, नाहीतर जुनी कुकी नवीला आडवी येते. इन्कॉग्निटो कोऱ्या पाटीवर चालू होतो, तिथं चाललं म्हणून माझा संशय जुन्या कुकीवर. (एक्स्टेंशन, म्हणजे क्रोमला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, तीही तिथं आपणहून बंद असतात, ती शक्यता मागं ठेवा.)

गिरणीत पिठाचा डबा ठेवतो, त्यावर नावाची चिठ्ठी असते. मागच्या वेळची चिठ्ठी न काढता नवी तिच्याखाली चिकटवली, तर गिरणीवाला वरची वाचणार. इथं तसंच होतं. एकाच नावाच्या दोन कुकी राहू शकतात, एक डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू लावलेल्या पत्त्याची, दुसरी त्या अख्ख्या साइटची. साइटवाल्यांनी मध्ये काही बदल केला की असं घडतं. ब्राउझर, म्हणजे इथं क्रोम, साइटला दोन्ही पाठवतो, सहसा आधी बनलेली पुढं. साइटचे बरेच सर्व्हर (तिकडचे कॉम्प्युटर) पहिलीच वाचतात. मग ताजं लॉगिन हातात असून तुम्ही त्यांच्या लेखी बाहेरच्या, आणि भाषा कन्नड.

काल पुसलंत ते वाया का गेलं? कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबल्यावर येणाऱ्या चौकटीत वर वेळ निवडायची असते. तिथं बहुतेक 'शेवटचा तास' असणार. काही महिन्यांची कुकी त्यात सापडत नाही.

खरं आता 'ऑल टाइम' निवडून सरसकट पुसू नका. घरातल्या सगळ्यांची सगळीकडची लॉगिन जातील, आणि पासवर्ड कुणाच्या लक्षात असतो? पोर्टल उघडा, पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, 'कुकीज अँड साइट डेटा', त्यात 'मॅनेज ऑन-डिव्हाइस साइट डेटा'. त्या पोर्टलच्या नावाच्या जेवढ्या ओळी दिसतील तेवढ्यांसमोरचा कचऱ्याचा डबा दाबा. एक पुसून थांबू नका. मग क्रोम पूर्ण बंद करून उघडा.

वडगावची लेक:

काका, तीन ओळी होत्या! एक डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यूवाली, एक बिनाची, एक लॉगिनच्या पानाची. तिन्ही पुसल्या. पहिल्याच ओटीपीला आत गेले, चार पानं पुढं-मागं केली, भाषा हलली नाही. 'शेवटचा तास' हेही अगदी तसंच होतं, मी ती चौकट वाचलीच नव्हती. त्या आईला हाक मारून वर बोलावलं, तिच्यासमोर फॉर्म सबमिट केला आणि पावतीची प्रिंट तिच्या हातात दिली.

खानापूरचा मेकॅनिक:

छान झालं. आता राहिलेले चार प्रत्येकी वेगळ्या इन्कॉग्निटो खेपेत भरा. एकाचं झालं की लॉगआउट करून इन्कॉग्निटोच्या सगळ्या विंडो बंद करायच्या, मगच दुसऱ्याला बसवायचं. एकही उघडी राहिली तर आधीच्याची कुकी तशीच राहते, आणि एका पोराचा बँक खातेनंबर दुसऱ्याच्या फॉर्मात गेला तर निस्तरताना वर्ष जातं. पावती मात्र बंद करायच्या आधी डाउनलोड करा. ती फाइल पीसीवर राहते, कुकी जाते.

वडगावची लेक:

बाबांना दाखवून ठेवते. उद्या माझा पेपर आहे, दोन पोरांचे तेच भरणार आहेत.